आधी टोन बघा

संपादक म्हणाले, "कुंदाताई, कामाचे अनुभव लिहा, पण ते कॉम्प्युटरचं जरा कमीच ठेवा, वाचक घाबरतात." मतलब स्वयंपाकावर लिहा, पण चुलीचं नाव काढू नका. घाबरण्यासारखं त्यात काही नाही हे आधी सांगून टाकते, मग ज्यासाठी लिहायला बसले आहे त्याकडे वळते.

मी उज्जैनला नेटवर्कचं काम केलं. एका कॉम्प्युटरचं म्हणणं दुसऱ्या कॉम्प्युटरपर्यंत पोचवायचं, एवढंच ते काम. दोन्ही एका खोलीत असतील तर एक केबल पुरते. एक उज्जैनच्या फ्रीगंजात आणि दुसरा इंदूरला असेल तर मधे टेलिफोनची लाइन, तिच्या दोन्ही टोकांना मोडेम आणि राउटर नावाची एक पेटी लागते. राउटरला रस्ते ठाऊक असतात. टॉवर चौकातला पानवाला पान लावता लावता सांगतो ना, "आगे से उल्टे हाथ को मुड़ जाना", तेच काम राउटर न थकता दिवसभर करतो. झालं, संपलं कॉम्प्युटर.

गिऱ्हाइकाचा तक्रारीचा फोन आला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. आधी टोन बघा. त्या काळी बहुतेकांचं काम साध्या फोनच्या लाइनवरच चालायचं, म्हणून म्हणायचे, रिसीव्हर उचला, कानाला लावा, टोन येतोय का सांगा. गिऱ्हाईक चिडायचं, "मैडम, हमको बच्चा समझा है क्या?" आणि दोन मिनिटांनी आवाज उतरायचा, "टोन तो नहीं है जी." अर्ध्याअधिक तक्रारी तिथेच मिटायच्या. कुणाचा प्लग निघालेला असायचा, कुणाची वायर उंदरानं कुरतडलेली.

हे शहाणपण माझं नाही, नानांचं. नाना म्हणजे माझे वडील, रेल्वेत तारबाबू होते. समोरचा उत्तर देत नाही म्हणून त्याला शिव्या घालण्याआधी आपली तारेची चावी तपासावी, आणि लाइन कधी उघडी ठेवू नये, नाहीतर कुणाचंच पोचत नाही, हे दोन नियम ते जेवतानासुद्धा सांगायचे. आई मी कॉलेजात असतानाच गेली. पुढे माधवनगरच्या घरात आम्ही दोघंच, ते खाली आणि मी वर. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही, ते उज्जैनच्या अर्ध्या मराठी घरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, त्यांनाच विचारा.

उदारीकरण वगैरे पेपरात यायचं. आमच्याकडे ते आलं म्हणजे फ्रीगंजातल्या टाइपिंग क्लासांच्या पाट्यांवर एकाएकी कॉम्प्युटर आला. मी ज्या दुकानात लागले तिथे कॉम्प्युटर विकायचे आणि जोडूनही द्यायचे. जोडायला माणूस हवा होता, मिळाली मी. साडी खोचून शिडीवर चढणारी बाई बघायला सुरुवातीला लोक जमायचे. मग सवय झाली त्यांना.

भैरवगढला एका कापडछपाईच्या कारखान्याचं काम मी केलं होतं. त्यांच्या चादरी परदेशी जायला लागल्या होत्या, म्हणून ऑफिसात तीन कॉम्प्युटर आणि अंगणापलीकडच्या गोदामात एक. अंगणावरून मी स्वतः काळी केबल ताणली. त्या जुन्या पद्धतीत सगळे कॉम्प्युटर एकाच केबलवर ओवलेले असत, केबल कुठेही सुटली की सगळेच गप्प. आठ दिवसांत तक्रार आली, रोज दुपारी बंद पडतं आणि संध्याकाळी आपोआप चालू होतं. तीनदा गेले. तिन्ही वेळा पोचेपर्यंत संध्याकाळ, आणि सगळं ठीक. चौथ्यांदा भर दुपारी गेले तर माझ्या केबलवर पंधरा-सोळा ओल्या चादरी वाळत होत्या. वजनानं केबल टोकाशी ओढली जायची, वाळून हलक्या झाल्या की परत जागेवर बसायची. कापड धुणारी बाई कौतुकानं म्हणाली, "बेनजी, रस्सी आपने बड़ी बढ़िया बाँधी. इसका दाग भी नी लगे."

मी शेजारी एक खरी दोरी बांधून दिली. दुकानात येऊन सांगितलं तेव्हा मालक पोट धरून हसले, पण त्यांना चादरींचं कळलं, केबलचं नाही. माझ्या कामातला अर्धा आनंद असा नेहमी माझ्याकडेच उरायचा. बिघाड कसा शोधला हे ज्याला सांगावं असं माणूस त्या गावात नव्हतं. नानांना सांगायचे. ते पूर्ण ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं झालं. चहा टाकू?"

तर आता एका परीक्षेचं. राउटर बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीची होती, नाव नाही घेत. तिच्यातली सगळ्यांत वरची. एक लेखी पेपर, तो इंदूरला देता यायचा. तो पास झालं की बंगळूरला दोन दिवसांची प्रत्यक्ष परीक्षा. पहिल्या दिवशी एक पानभर अटी देतात, त्याप्रमाणे आख्खं नेटवर्क उभं करायचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला गेलात की परीक्षक ते मोडून ठेवतात, आणि परत येऊन काय काय मोडलंय ते तुम्ही शोधायचं. मला हे वाचूनच ती परीक्षा आवडली. जन्मभर दुसऱ्यांनी मोडलेलंच तर शोधत होते. त्या परीक्षेत पास झालेल्याला बंगळूर-मुंबईत हातोहात नोकरी होती, आणि त्याहून मोठं म्हणजे, माझं बोलणं समजणारी माणसं होती.

अभ्यासाला दुकानात एक राउटर होता, गिऱ्हाइकांना दाखवायचा. रविवारी मालक मला किल्ली द्यायचे. पण रस्ते शोधण्याची सगळी विद्या दोन राउटर एकमेकांशी कसे बोलतात ह्याची आहे. एका राउटरवर तिचा अभ्यास म्हणजे एकटीनं फुगडी. मी हुकूम द्यायची, तो मुकाट्यानं घ्यायचा आणि मग शेजारी शोधत बसायचा. पडद्यावर शेजाऱ्यांची यादी मागितली की रिकामी ओळ यायची. वर्षभर दर रविवारी मी ती रिकामी ओळ पाहिली आहे.

मग भोपाळला एका आठवड्याचं प्रशिक्षण होतं, तिथे विजू भेटली. विजया खिरवडकर, ग्वाल्हेरची. तीस जणांत आम्ही दोघीच बाया, म्हणून जेवायला एकत्र बसलो. ती एका सूत गिरणीत कॉम्प्युटर सांभाळायची, तिच्याकडे दोन जुने राउटर होते, घरात चुलत-मावस धरून बारा माणसं होती, आणि परीक्षेचं वेड माझ्याइतकंच. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "तू टेबलावर डोकं ठेवून रडलीस का कधी, शेजारी दिसत नाही म्हणून?" मी म्हटलं, "दर रविवारी." दोघी हसलो ते शिकवणाऱ्यानं येऊन गप्प करेपर्यंत.

निघताना आम्ही एक ठरवलं. राउटर एकमेकांना दर दहा सेकंदांनी एक छोटा निरोप धाडतात, त्याचं नावच हॅलो. त्यात दुसरं काही नसतं. मी आहे, तू आहेस ना, एवढंच. लागोपाठ चार हॅलो आले नाहीत की राउटर शेजाऱ्याला मेला समजतो आणि यादीतून नाव काढतो. आम्ही म्हटलं, आपणही हेच करू. रोज पहाटे पाचला विजूनं मला फोन करायचा, दोन घंट्या वाजल्या की ठेवायचा. म्हणजे ती उठली, बसली. मी लगेच तिला एक घंटी द्यायची. म्हणजे मीही बसले. उचलायचा नाही कुणी. अशा घंट्या तेव्हा घरोघरी चालायच्या, गाडी पोचली की एक, मुलगी सुखरूप असली की दोन.

आणि एक नियम विजूचा. चार दिवस घंटी आली नाही तर समजायचं की हिनं सोडलं. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. "सगळं जग मला कारणं विचारतं," ती म्हणाली, "लग्न का नाही, एवढं शिकून काय करणार, पहाटे दिवा कशाला. तू तरी विचारू नकोस. मी पण नाही विचारणार." मला तो नियम फार आवडला. तेव्हा मी चौतिशीची होते आणि कारणं सांगून सांगून विटले होते.

आमच्याकडे फोन एकच, पण डबडी दोन. खाली नानांच्या उशाशी एक, आणि त्याच लाइनवर वर माझ्या टेबलावर दुसरा. दुसऱ्याची वायर मीच ओढली होती. पहाटे पाचला वर-खाली दोन्हीकडे दोन घंट्या व्हायच्या, मी माझी एक द्यायची, आणि पुस्तक उघडायची. ती काय पुस्तकं, हजार-हजार पानांच्या झेरॉक्स, पानं फिकट, आकृत्या काळ्या. पण त्या दोन घंट्यांनंतर खोली भरल्यासारखी वाटायची. ग्वाल्हेरला कुणीतरी ह्याच पानावर आहे, हेच डोकं खाजवतंय. लोक विचारतात, एवढी चिकाटी कुठून आणलीस? कसली चिकाटी. मला विजूच्या आधी पुस्तक मिटायची लाज वाटायची, बस.

महिन्यातून एकदा आंतर्देशीय पत्र. त्यात ती कोडी घालायची, मी सोडवून माझी घालायची. शेवटी खुशाली म्हणून एकच ओळ, "यादीत आहेस."

नानांनी एकदाच तक्रार केली. "ही ग्वाल्हेरवाली रोज मला पाचला उठवते," म्हणाले. पण हसत होते. दुसऱ्या एका दिवशी भाजी निवडता निवडता विचारलं, "बंगळूरला दोन दिवसांचंच काम ना गं?"

"परीक्षा दोन दिवसांची."

"आणि पास झालीस तर?"

"बघू," मी म्हटलं. त्यांनी मेथीची काडी उगाच परत परत मोडली. मी ते पाहिलं होतं. पाहिलं आणि पुस्तकाकडे गेले.

त्याच सुमाराचं एक काम सांगते, कारण त्याचा मला अजून अभिमान आहे आणि आता जरा शरमही आहे. एका धान्याच्या शेठजींचं ऑफिस फ्रीगंजात आणि गोदाम चिमणगंज मंडीत. दोन मुलगे, एक इथे बसायचा, एक तिथे, आणि दोघांत बोलणं बंद. ऑफिस आणि गोदाम मी लाइनीनं जोडलं होतं. ते बंद पडलं. इथला म्हणे, मी प्रत्येक निरोपाला उत्तर देतोय, तोच मिळालं नाही म्हणतो. तिथला म्हणे, मी तर सकाळपासून पाठवतोय, हाच उत्तर देत नाही. शेठजींनी मला बोलावलं ते भांडण सोडवायलाच. अशा लाइनीत तारांच्या दोन जोड्या असतात, एक बोलायची आणि एक ऐकायची. मी दोन्ही टोकांना जाऊन तपासलं. गोदामाचं म्हणणं फ्रीगंजात नीट पोचत होतं, फ्रीगंजचं उत्तर मात्र वाटेत एका खांबावर तुटलेल्या जोडीपाशी थांबत होतं. मशीन दोन्ही चालू होती. दोन्ही मुलगे खरं बोलत होते. शेठजी म्हणाले, "बेनजी, मशीन का झगड़ा तो मिटा दिया, अब इन दोनों का भी कोई तार जोड़ दो." मी म्हटलं, शेठजी, ते आमच्या कोर्समध्ये नाही.

हे सगळं मी विजूला पत्रात लिहिलं. तिनं उत्तर दिलं, "उत्तर आलं नाही म्हणजे समोरचा गप्प आहे असं धरायचं नाही. परीक्षेत येणार बघ हे." ते पत्र माझ्याकडे आहे.

लेखी आम्ही दोघी पास झालो, ती ग्वाल्हेरहून कुठेतरी जाऊन, मी इंदूरला. बंगळूरची तारीख दोघींनी एकच घेतली. लॉजमध्ये खोली ती घेणार होती. आणि तारखेला अडीच महिने असताना मला टायफॉइड झाला.

ताप चढतोय हे कळल्यावर मी विजूला दिवसा रीतसर फोन केला. तीन आठवडे घंट्या बंद, मग अमक्या सोमवारपासून तूच सुरू कर, मी उत्तर देईन. ती म्हणाली, "आराम कर. यादीतून काढत नाही." नानांनी माझी खाट खाली स्वतःच्या खोलीत आणली. एकवीस दिवस त्यांनी माझं सगळं केलं, पेजेपासून कपाळावरच्या पट्ट्यांपर्यंत. मला झोप लागायची नाही, लागली की जरा आवाजानं मोडायची. म्हणून रात्री निजानीज झाली की ते फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवायचे आणि सकाळी आंघोळ झाल्यावर परत जागेवर. मला ग्लानीत ते दिसायचं. मला तेव्हा बरंच वाटायचं.

तो सोमवार आला. मी दोन दिवस आधीच वर माझ्या खोलीत परतले होते. पावणेपाचला उठून, शाल गुंडाळून, टेबलाशी बसले. पाच वाजले. सव्वापाच वाजले. घंटी नाही.

मंगळवारी नाही. बुधवारी मी विजूसाठी कारणं शोधली, घरात कुणाचं लग्न असेल, गिरणीत काही असेल. गुरुवारी चौथा दिवस होता. मी साडेसहापर्यंत फोनकडे बघत बसले. साडेसहाला फोन हलकेच "टिंग" झाला, एकदाच, अर्धवट. तसा तो रोजच व्हायचा. मी म्हटलं, लाइनीचं काहीतरी असेल.

चार हॅलो झाले होते. विजूनं सोडलं. कारण विचारायचं नव्हतं.

आज मला कुणी विचारलं की मग तूच का नाही केलास फोन, तर माझ्याकडे उत्तर आहे आणि ते फार वाईट आहे. आधी घंटी तिनं द्यायची असं ठरलं होतं. मी उत्तर देणारी. आणि मला राग आला होता. टायफॉइडमधून उठून मी टेबलाशी बसते आणि ही सोडते. विचारायला गेले असते तर तिला वाटलं असतं मी रडतेय. मी खरंच रडत होते.

आणखी तीन आठवडे मी पाचला उठले. पुस्तक उघडायची आणि तीच ओळ चारदा वाचायची. एकटीनं अभ्यास विजूच्या आधीही वर्षभर केलाच होता, पण तेव्हा एकटेपणा म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. आता माहीत होतं. एके दिवशी जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. बंगळूरची तारीख मी रद्द केली. नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. ते उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटलं असेल.

पुढे काम चालूच होतं. काळ्या केबली गेल्या, निळ्या आल्या. दुकान मोठं झालं, माझ्या हाताखाली चार जण आले, मी त्यांना शिकवायची, आधी टोन बघा. सात वर्षं गेली. मालकांनी मला नवीन काहीतरी शिकायला परत भोपाळला धाडलं, आणि शिकवायला बंगळूरहून जी बाई आली ती विजू होती. केस पांढरे झालेले, चष्मा, आणि गळ्यातल्या ओळखपत्रावर त्या परीक्षेची खूण.

पहिला तास संपल्यावर ती सरळ माझ्यापाशी आली. चहाचा कप हातात, नजर कपात. "कशी आहेस?" म्हणाली. मग जरा तिरकसपणे, "तू इंटरनेट अगदी लवकर घेतलंस नं तेव्हा?"

"कुठलं इंटरनेट?"

"अगं, सोमवारी पाचला केला, एंगेज. मंगळवारी एंगेज. पहाटे पाचला कुणाचा फोन एंगेज असतो? ज्याच्याकडे फोनच्या लाइनवर इंटरनेट चालू आहे त्याचा. मला वाटलं, आता ही तिकडच्या मोठ्या लोकांत बसून अभ्यास करते, हिला माझ्या दोन घंट्यांचं काय."

"किती दिवस केलास?"

"नियम चारचा होता." तिनं कप खाली ठेवला. "मी नऊ दिवस केला. बंगळूरला खोली पण दोघींचीच घेतली होती. म्हटलं, परीक्षेला तर येशील. दुसऱ्या पलंगावर पुस्तकं ठेवली मग."

पहिल्यांदा ती नापास झाली होती, दुसऱ्यांदा पास. पास झाल्याचं त्या दिवशी कुणाला सांगितलंस, मी विचारलं. म्हणाली, "लॉजवाल्याला. तो म्हणाला, अच्छा, चाय लाऊँ?"

आम्ही दोघी हसायला लागलो आणि ते हसणं नीट पुरं झालं नाही. माझ्याकडे इंटरनेट नव्हतं, हे मी तिला सांगितलं. मग एंगेज का, तिनं विचारलं. मी म्हटलं, बघून सांगते. पण मला तेव्हाच कळलं होतं. साडेसहाची ती "टिंग" माझ्या कानात वाजत होती. दोन फोन एका लाइनीवर असले आणि एकाचा रिसीव्हर जागेवर ठेवला की दुसरा तसा वाजतो. हे मी गिऱ्हाइकांना समजावून सांगितलेलं आहे.

निघताना तिनं बंगळूरचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. "तुझा तोच का?" म्हणाली. तोच, मी म्हटलं.

देवास गेटला बसमधून उतरून घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. नाना ऐंशीचे होते, माझ्यासाठी खिचडी करून बसले होते. मी हातपाय धुतले आणि समोर बसले.

"नाना, मला टायफॉइड झाला होता तेव्हा तुम्ही रात्री फोन काढून ठेवायचात."

"हो. झोपायचीस कुठे तू."

"आणि मी बरी झाल्यावर?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. "काढूनच ठेवायचो."

"किती दिवस?"

"तू उठायचं सोडलंस तोवर."

मी ताट बाजूला सारलं. तेच म्हणाले, "तारेचा माणूस मी. लाइन उघडी ठेवायची नसते, मला काय ठाऊक नव्हतं? पण वाटायचं, ही गेली की ह्या घरात मी कुणाशी बोलू. रोज म्हणायचो, उद्यापासून ठेवतो जागेवर. मग तुझंच उठणं बंद झालं. सांगायचा धीर झाला नाही गं."

"तुम्ही मला एकटं पाडलंत, नाना."

"हो," ते म्हणाले.

मला राग आला होता. खोटं कशाला लिहू, इतका राग मला कुणाचाच आला नव्हता. ताटावरून उठले आणि वर गेले. टेबलावर तो फोन होता, सात वर्षांपूर्वी जिथे होता तिथेच. त्याच्याकडे बघत बसले आणि हळूहळू राग दुसरीकडे वळायला लागला. तीन आठवडे तो माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. एकदा, फक्त एकदा उचलून कानाला लावला असता तर कळलं असतं की टोन नाही. खाली जाऊन रिसीव्हर जागेवर ठेवला असता, नानांना दोन शब्द बोलले असते, आणि संपलं असतं. आख्ख्या उज्जैनला मी सांगत फिरले, आधी टोन बघा. नानांनी त्यांचा नियम जाणूनबुजून मोडला. मी माझा नुसत्या ताठ्यानं.

झोप कधी लागली कळलं नाही. जाग आली ती फोनच्या घंटीनं. खाली वाजला, वर वाजला. परत एकदा. मग थांबला. घड्याळात पाच वाजले होते.

मी अंथरुणात उठून बसले. खालून नानांचा आवाज आला. आता तो आवाज बारीक झाला होता, पण तार वाचून दाखवायची ती जुनी ढब होती.

"कुंदे, दोन आल्या. तुझी एक दे."

मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन होता. बोटं आपोआप ग्वाल्हेरच्या नंबराकडे गेली, तो मला अजून पाठ होता. थांबले, दिवा लावला, चिठ्ठी शोधली आणि एक एक आकडा बघून बंगळूरचा लावला. पलीकडे एक घंटी गेली. मी ठेवून दिला.

"पोचली का?" नानांनी खालून विचारलं.

"पोचली, नाना," मी म्हटलं.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली, विजूही निवृत्त झाली आहे. घंट्या चालू आहेत. पाचला कुणालाच आता अभ्यासाला बसायचं नसतं, पण मी उठते, आणि सवय अशी की आधी टोन बघते.